मधले पद

गेल्या महिन्यात एके रात्री पुतण्या वही घेऊन माझ्यापाशी आला. अ² + ५अब + ६ब² या राशीचे अवयव पाडावयाचे होते. मी ऐटीत (अ + ब)(अ + ६ब) असे सांगून मोकळा झालो. माजघरातून आत्या म्हणाली, “अरे, गुणून पाहिलेस का?” गुणले, तो मधले पद ७अब!

“सहाचे असे दोन अवयव घे, की ज्यांची बेरीज पाच होईल. दोन आणि तीन.”

मधले पद फोडून अ(अ + २ब) + ३ब(अ + २ब) असे मांडताच (अ + २ब)(अ + ३ब) हे उत्तर हाती आले.

आत्याची शाळा चौथीतच सुटली. माझी शिकवणी चाले तेव्हा ती दाराआड निवडण-टिपण करीत ऐकत असे. ‘आत्याला काय कळते!’ असे मी कितीदा म्हटले असेल. तेही कधी गुणून पाहिले नव्हते. आता पुतण्या वही घेऊन थेट माजघरात जातो, आणि त्याच्या मागोमाग मीही.