गाळलेली ओळ

पप्पांचं गॅरेज हुबळीत, गोकुळ रोडच्या बाजूला. त्यांचा हात बसला तो ट्रकवर. कन्नड, मराठी, हिंदी सगळं येतं. इंग्रजी मात्र ते माझ्याकडून वाचून घेतात. मी साहित्याची विद्यार्थिनी. जी. ए. कुलकर्णी धारवाडात इंग्रजी शिकवायचे आणि मराठीत लिहायचे, हे मी घरी इतक्यांदा सांगितलंय, की दोन भाषा येणं ही माझीच काही कमाई आहे असं मला वाटायला लागलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात एक दोन दारांची जर्मन स्पोर्ट्स कार आली. बायपासवर ऐंशीच्या पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं, आणि खड्ड्यात पुढून ‘टक्‌’. आमच्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यांना काय तोटा! आधी कुणीतरी ब्रेक डिस्क बदलून दिल्या होत्या. फरक शून्य.

लिफ्टवर घेतली तर खालच्या आर्मवर काळपट ओल. पोरं म्हणाली, शॉकअप लीक आहे. पप्पांनी काही न बोलता सगळं पुसून कोरडं केलं आणि गाडी एक चक्कर मारून आणली. आता शॉकअप कोरडा होता, ओल फक्त बुशच्या कडेला. टामी घालून आर्म दाबला, तर रबराची चीर उघडली आणि आतून द्रव आला.

ट्रकच्या पाट्याचा बुश म्हणजे धातूची नळी. ग्रीस मारायचं, पिन आत फिरत राहते. या बुशात रबराच्या आत दोन कप्पे, त्यात द्रव, आणि मध्ये बारीक वाट. थरथर आली की द्रव त्या वाटेने इकडून तिकडे जातो आणि थरथर तिथेच जिरते. रबर फाटून द्रव गेला, की ती थेट हातात येते.

दोन्ही बाजूंचे बुश मागवले. मी मॅन्युअल मोठ्याने वाचत होते, मराठी करून: बुशवरची खूण आर्मवरच्या खुणेला जुळवा, प्रेसने सरळ दाबा, बोल्ट नवे वापरा. पुढे टॉर्कचे आकडे. आकड्यांच्या वर एक ओळ होती, की शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असते त्या उंचीला करावं. मला वाटलं, हे काय, गाडी चाकांवरच उभी असते की! ओळ सोडली, आकडे वाचले. पप्पांनी लिफ्टवरच, चाकं लोंबकळत असताना, टॉर्क रेंचने आवळलं.

मार्चमध्ये गाडी परत आली. तीच थरथर, तीच ओल.

पप्पा म्हणाले, “माल डुप्लिकेट निघाला वाटतं.” दुकानदाराला फोन करणार, तेवढ्यात मी मॅन्युअल पुन्हा उघडलं. ओळ तिथेच होती. हा रबरी बुश फिरत नाही, पिळतो. चाक लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली आल्यापासून तो सतत पिळलेलाच. त्यात आमचे खड्डे. चार महिने टिकला हेच पुष्कळ.

गप्प बसले असते तर दुकानदारावर गेलं असतं. कन्फेशन बॉक्समध्ये निदान जाळी तरी मध्ये असते. इथे समोर पप्पा, हातात फोन.

“पप्पा, माल बरोबर होता. मी एक ओळ वाचलीच नव्हती.”

ते बराच वेळ बुशकडे बघत राहिले. मग फोन खिशात टाकला. “इरली बिडु,” म्हणाले. रागावले की ते कन्नडवर जातात, आणि राग गेला तरीही. त्या दिवशी कुठलं ते कळलं नाही. मालकाला त्यांनीच सांगितलं, “चूक आमच्या गॅरेजची, पैसे नकोत.” माझं नाव घेतलं नाही. त्या जोडीची किंमत माझ्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त.

दुसऱ्यांदा काम झालं तेव्हा गाडी उचलायच्या आधीच त्यांनी टेप लावून चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं आणि भिंतीवर खडूने लिहिलं. बुश बसवून झाल्यावर खालून जॅक लावून चाकाची बाजू नेमकी तेवढी वर आणली. रेंच हातात घेतला आणि थांबले.

“वाच. आता सगळं वाच. तुला कळतंय ते पण आणि नाही ते पण.”

मी वाचलं. नटाचा क्रमांकसुद्धा.

मग त्यांनी आवळलं.