पडले तरी आमदार

मानहाइमच्या उत्तर भागाला 2021 च्या निवडणुकीनंतर तीन आमदार होते, आणि त्यांतला निवडून आलेला एकच. बाकीचे दोघे पडले. पडूनही स्टुटगार्टच्या विधानसभेत बसायचे, पगार घ्यायचे, प्रश्न विचारायचे. भाच्याने हे चहा गाळता गाळता इतक्या सहज सांगितलं, की मी त्याला पहिल्यापासून परत सांगायला लावलं.

"मामा, इथे तसंच असतं," तो म्हणाला. पुण्याजवळच्या सणसवाडीच्या ट्रॅक्टर कारखान्यातून तो त्याच कंपनीच्या मानहाइमच्या कारखान्यात आला, त्याला आता बरीच वर्षं झाली. मी जन्मभर मास्तरकी केली आणि मास्तरकीच्या जोडीने निवडणुकीची ड्युटी. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कुठल्या केंद्रावर बसलो नाही असं नाही. डिपॉझिट जप्त झालेले पाहिले, एका मताने आलेले पाहिले, पडल्यावर विधान परिषदेच्या मागच्या दाराने आत गेलेलेही पाहिले. पण पडलेल्याला कायद्याने पुढच्या दारातून आत घेणारा देश पाहिला नव्हता. त्यामुळे राजवाडा आणि पाण्याचा मनोरा बाजूला ठेवून मी मतदारसंघच बघायला निघालो.

त्याची सोय सोपी आहे. 1 नंबरच्या ट्रामने शोनाऊपर्यंत जायचं. नेकार नदीवरचा पूल ओलांडला, की जुनं अग्निशमन केंद्र लागतं. आता तिथे गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात. तिथून पुढे पश्चिम नेकारश्टाट: तुर्की बेकऱ्या, बल्गेरियन दुकानं, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे. परदेशी नागरिकांना विधानसभेचं मत नाही, त्यामुळे इथे रस्त्यावर दिसणारी माणसं आणि यादीतली माणसं यांचा मेळ बसत नाही. मग लुत्सेनबेर्ग, आणि बेंझच्या कारखान्याची लांबच लांब भिंत. कार्ल बेंझची 1886 ची तीनचाकी याच शहरातली. कंपनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इकडे वाल्डहोफला आली, आणि अजून इथे ट्रकची इंजिनं आणि बसगाड्या बनतात. भाच्याच्या ओट्यावर पुसायच्या कागदाचा एक गुंडाळा असतो, त्याच्यावर 'झेवा' लिहिलेलं. ते नाव वाल्डहोफच्या लगदा कारखान्याच्या आद्याक्षरांवरून आलं आहे. म्हणजे या मतदारसंघाची आद्याक्षरं जर्मनीभरच्या स्वयंपाकघरांत आहेत. 1954 चा फुटबॉल विश्वचषक जर्मनीला जिंकून देणारे प्रशिक्षक झेप हेरबेर्गर हेही वाल्डहोफचेच.

कारखाने, कामगारांच्या चाळीवजा इमारती, युनियन. असा भाग कुणाचा बालेकिल्ला असणार हे सांगायला ज्योतिषी नको. एसपीडी, म्हणजे समाजवादी लोकशाहीवाद्यांचा लाल पक्ष. पण बालेकिल्ला कुठे उभा होता तेही बघायला हवं. बाडेन-वुर्टेनबर्ग हे राज्य 1952 मध्ये तीन तुकडे जोडून झालं, आणि 1953 पासून 2011 पर्यंत, सलग 58 वर्षं, तिथला मुख्यमंत्री पुराणमतवादी सीडीयूचाच. सीडीयूच्या काळ्या समुद्रात हे एक लाल बेट. 2006 ला तर कमाल झाली. राज्यातल्या 70 मतदारसंघांपैकी 69 सीडीयूने जिंकले, आणि उरलेला एक हा, मानहाइम-एक. 2011 ला फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. सगळं राज्य उलटंपालटं झालं, देशातला पहिला ग्रीन मुख्यमंत्री विनफ्रीड क्रेचमान गादीवर बसला, तरी एसपीडीने राज्यात थेट जिंकलेली एकुलती एक जागा पुन्हा हीच. श्टेफान फुल्स्ट-ब्लाय हे त्या वेळचे विजयी उमेदवार. हे नाव लक्षात ठेवावं, ते पुढे दोनदा पडणार आहेत.

भाच्याचे घरमालक वरच्या मजल्यावर राहतात. वाल्डहोफच्या गार्टनश्टाट भागातलं जुनं घर, मागे परसू, परसात सफरचंदाचं झाड. ते बेंझमध्ये कामाला होते, युनियनमध्ये होते, आणि हे कळल्यावर मी खुर्ची पुढे ओढली, दर निवडणुकीला मतदान केंद्रावर काम करणारे होते. त्यांना मराठी येत नाही आणि मला जर्मन. भाचा मध्ये बसला आणि आमचं सुरू झालं. त्यांनी कपाटातून 2021 ची नमुना मतपत्रिका काढली. साधा कागद. उमेदवाराचं नाव, धंदा, पक्ष, आणि समोर एक गोल. बोटाला शाई नाही. यंत्रं काही ठिकाणी वापरून पाहिली होती, पण 2009 मध्ये घटना न्यायालयाने त्या वेळची यंत्रं घटनाबाह्य ठरवली: मोजणी कशी झाली हे सामान्य माणसाला तंत्रज्ञाच्या मदतीशिवाय तपासता आलं पाहिजे, असं कारण दिलं. त्यामुळे रविवारी सकाळी 8 ते संध्याकाळी 6 मतदान, आणि 6 वाजता त्याच खोलीत टेबलं जोडून मोजणी. ज्याला बघायचं त्याने येऊन बघावं. पेट्या सील करून ट्रकमधून स्ट्राँगरूमला नेण्याच्या आठवणी माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. मी काही बोललो नाही.

मतपत्रिकेवर प्रत्येक उमेदवाराच्या नावाखाली आणखी एक नाव होतं. हे कोण? बदली उमेदवार. आमदार वारला किंवा त्याने राजीनामा दिला, तर हा सरळ जाऊन त्याच्या जागी बसतो. पोटनिवडणूक नाही. शेजारच्या मानहाइम-दोनमध्ये 2016 ला असंच झालं. ग्रीन पक्षाचे आमदार काही महिन्यांतच वारले आणि त्यांच्या बदली उमेदवार एल्के झिमर विधानसभेत गेल्या. मंत्र्यांचा तळ नाही, रातोरात डांबर पडणं नाही. आमच्याकडच्या कित्येक गावांना रस्ता पोटनिवडणुकीनेच मिळाला आहे, तेव्हा ही सुधारणा म्हणावी की नुकसान, ते मला ठरवता आलं नाही.

आता पडलेल्या आमदारांचं गणित. 2021 पर्यंत या राज्यात मतदाराला एकच मत होतं, आणि पक्षांच्या याद्या नव्हत्याच. त्या एका मताची दोनदा मोजणी व्हायची. पहिल्यांदा मतदारसंघापुरती: जास्त मतं त्याची जागा, अगदी आपल्यासारखं. दुसऱ्यांदा राज्यभरची मतं पक्षवार एकत्र करून: ज्या पक्षाला जितके टक्के, साधारण तितक्या जागा. 70 मतदारसंघ आणि विधानसभेत कमीत कमी 120 खुर्च्या. उरलेल्या खुर्च्यांवर कोण? याद्या नाहीत, तेव्हा पडलेलेच. पण सगळे नव्हेत. प्रत्येक पक्षाच्या पडलेल्यांपैकी ज्यांनी आपापल्या मतदारसंघात टक्केवारी चांगली काढली ते, तेही चार प्रशासकीय विभागांत वाटून. म्हणजे समोरचा विरोधक पाडणार असला तरी फारसं बिघडायचं नाही. खरी शर्यत आपल्याच पक्षाच्या, शेजारच्या मतदारसंघात पडणाऱ्या उमेदवाराशी. त्याच्यापेक्षा जरा बरं पडलं की झालं! घरमालकांनी हे बोटाने टेबलावर रेघा ओढून समजावलं, आणि मला वर्गात नापास मुलांचाही क्रमांक लावणारा आमचा एक जुना हेडमास्तर आठवला.

या हिशेबाची खरी कसोटी लागली 13 मार्च 2016 ला. त्याआधीच्या शरद ऋतूत लाखो निर्वासित जर्मनीत आले होते. मानहाइमच्या उत्तरेला, केफरटालमध्ये, अमेरिकन सैनिकांची मोठी वसाहत होती. युद्धानंतर आलेले अमेरिकन निघून गेल्याने ती रिकामी पडली होती, आणि हजारो निर्वासितांना तिथेच उतरवलं गेलं. राज्यभर एएफडी या नव्या, उजव्या पक्षाला 15.1 टक्के मतं पडली. पण या लाल बेटावर त्यांचे र्‍युडिगर क्लोस पहिले आले, सुमारे 23 टक्क्यांवर. फुल्स्ट-ब्लाय थोडक्यात मागे राहिले. एएफडीने राज्यात थेट जिंकलेल्या दोनच जागा, ही आणि फोर्त्सहाइम.

ट्राम शेवटच्या थांब्यावर पोचते ती शोनाऊला. तिथे त्या वेळी एएफडीला सुमारे 30 टक्के मतं होती. मी उतरून फिरलो. स्वच्छ रस्ते, तीनमजली इमारतींच्या ओळी, बाकावर बसलेली म्हातारी माणसं. पाहुण्याला वावगं काही दिसत नाही. घरमालक मात्र म्हणाले, यात नवल वाटणाऱ्यांनी 1992 आठवावं. त्या एप्रिलमध्ये रिपब्लिकानर नावाच्या उजव्या पक्षाने राज्यात 10.9 टक्के मतं घेतली होती, आणि पुढच्याच महिन्यात याच शोनाऊमध्ये एका अफवेवरून शेकडोंचा जमाव निर्वासितांच्या जुन्या बराकीसमोर घोषणा देत जमला. त्याच्याही आधी, 1968 ला, एनपीडीने राज्यात 9.8 टक्के मतं मिळवली होती. एकेक लाट आली, विधानसभेत बसली, ओसरली. लाल पक्षाचे लोक दर वेळी हुश्श करून घरी गेले, असं ते म्हणाले. त्यांच्याच पक्षाबद्दल ते हे बोलत होते आणि आवाजात राग होता. कारखान्यात आमची माणसं कमी होत गेली, तेव्हा पक्षातली प्राध्यापक मंडळी वाढत गेली, हे त्यांचं निदान. ते पुरतं खरं असेलच असं नाही, पण महाराष्ट्रातल्या एका लाल झेंड्याच्या गिरणी कामगाराने मला जवळजवळ याच शब्दांत ते सांगितलं होतं.

तर 2016 ला बालेकिल्ला ढासळला आणि त्याचा किल्लेदार? तो विधानसभेतच राहिला. पडला तरी टक्केवारी पुरेशी होती. 2021 ला बेट तिसऱ्या रंगाचं झालं. ग्रीन पक्षाच्या सुझाने आशहोफ जिंकल्या. क्लोस पडले आणि विधानसभेत गेले. फुल्स्ट-ब्लाय पुन्हा पडले आणि पुन्हा गेले. लाल, एएफडीचा निळा, हिरवा: दहा वर्षांत तीन रंग, आणि शेवटी तिन्ही रंगांचे तिघेही एकाच सभागृहात.

हे मला आधी फार आवडलं. 23 टक्क्यांवर एकाने सगळं न्यायचं आणि 77 टक्क्यांनी पाच वर्षं हात चोळत बसायचं, हा आपल्याकडचा अन्याय इथे निम्मा तरी धुतला जातो. रात्री अंथरुणावर पडल्यावर दुसरी बाजू दिसायला लागली. एखादा आमदार नकोच असेल, तर इथल्या मतदाराने त्याला घालवायचं कसं? आपल्याकडे निदान गुलाल एकाच्याच अंगावर पडतो आणि दुसरा त्या दिवशी घराबाहेर येत नाही. त्या एका दिवसाच्या भीतीने थोडी कामं होतात, असं माझं ड्युटीवाल्याचं मत आहे. शिवाय वाढीव जागांमुळे 120 चं सभागृह 2021 ला 154 वर गेलं. त्याचा खर्च कोण करतं तेही सांगायला नको.

ही पद्धत आता बदलली. 2022 च्या कायद्याने पक्षांच्या याद्या आल्या. एक कारण असं की याद्या नसल्याने पक्षांना महिलांना पुढे आणता येत नव्हतं, आणि या विधानसभेतलं महिलांचं प्रमाण अनेक वर्षं जर्मनीत तळाशी होतं. 8 मार्च 2026 च्या निवडणुकीपासून प्रत्येकाला दोन मतं, एक माणसाला, एक पक्षाला. आणि वय 16 पुरं झालं की मत. घरमालकांची नात तेव्हा पहिल्यांदा मत देणार होती. भाच्याने नागरिकत्वाचा अर्ज टाकला होता, तोवर होईल असं त्याला वाटत नव्हतं.

घरमालक पुन्हा केंद्रावर बसणार होते. अल्पोपाहार भत्ता मिळतो, तो त्यांनी सांगितल्यावर मी आमचा सांगितला, आणि दोघांनीही तो विषय तिथेच सोडला. नव्या पद्धतीबद्दल त्यांची तक्रार मात्र लोकशाहीची नव्हती. दोन मतं म्हणजे प्रत्येक कागद दोनदा मोजायचा, जिथे दोन मतं दोन पक्षांना गेली ते गठ्ठे वेगळे लावायचे, आणि टेबलावर तरणी पोरं असतील ती मोजताना मोबाइल बघणार. 8 च्या आत घरी पोचणारा माणूस आता 10 शिवाय सुटत नाही, असा त्यांचा हिशेब होता. मी भाच्याला म्हटलं, त्यांना सांग, गठ्ठे 50-50 चे लावा आणि प्रत्येक गठ्ठ्यावर मोजणाऱ्याची सही घ्या. ते त्यांनी लगेच कागदावर लिहून घेतलं.