काच खाली करून

भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचं गाळप सुरू झालं, की सणसरच्या रस्त्याला रात्र उरत नाही. दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर छाती हादरवणारी गाणी, मधूनच एखाद्या टायरगाडीच्या बैलांची घुंगुरमाळ. या कल्लोळात माझ्या जुन्या मारुतीच्या चाकातला बारीकसा आवाज कुणाच्या खिजगणतीत नसतो. तरी बारामतीहून परतताना, नीरा डाव्या कालव्याचा गारवा लागला की मी काच खाली करतो आणि कान पुढच्या चाकाशी नेऊन ठेवतो.

पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि डॅशबोर्डवर मोजके दिवे. पॅड झिजले, बेअरिंग गेलं, हे सांगायला तिच्याकडे आवाजाशिवाय दुसरं काही नाही.

म्हणून जाणता मिस्त्री आधी पाना उचलत नाही, विचारत सुटतो. ब्रेक दाबल्यावर येतो की सोडल्यावर? वळणावर वाढतो का? कुठल्या अंगाला? वेगाबरोबर चढत जाणारी घुमी घरघर असेल, आणि इंजिनाचा जोर कमी-जास्त केला तरी ती तशीच राहिली, तर दोष चाकाकडचा. आता टायर की बेअरिंग? डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला तर टायर. रस्ता कोणताही असो, सूर तोच; पण डावीकडे वळताना वाढतो, तर संशय उजव्या बेअरिंगवर, कारण त्या वळणावर गाडीचा भार उजवीकडे जातो. मग जॅक लावायचा, चाक वर-खाली हलवून ढिलाई बघायची, स्प्रिंगवर बोटं ठेवून ते फिरवायचं. आतली खरखर बोटांना लागते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट आली, तर एक्सलचा सांधा गेला. रबरी बूट फाटतो, ग्रीस गळतं, आत माती शिरते. उसाच्या चिखलातून गाडी काढणाऱ्यांना हे ओळखीचं आहे.

ब्रेकचे आवाज जास्त फसवे. रात्रभर दव पडलं की डिस्कवर तांबूस गंज चढतो. सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात आणि मग सगळं गप्प. डिस्क आणि मागच्या पत्र्यात खडा अडकला, तर गाडी आता सुटी होते की काय असं वाटतं. थोडी मागे घेतली की कधी कधी तो आपसूक पडतो. उलट काही पॅडना मुद्दाम बसवलेली पत्र्याची पट्टी असते. पॅड झिजत आले की ती डिस्कला घासून नुसती कुईकुई करते. तिच्याकडे दुर्लक्ष केलं की पुढे लोखंडावर लोखंड. ती किरकिर पेडलमधून पायाला कळते. तोवर पॅडबरोबर डिस्कही खराब होत आलेली असते.

म्हणजे कांगावा बऱ्याचदा खड्याचा, आणि खरं दुखणं हळू बोलणारं. शिवाय ते रोज थोडंथोडं वाढतं, म्हणून वाढलेलं कळत नाही. पाहुणा गाडीत बसल्या बसल्या विचारतो, “दाजी, हा आवाज कसला?” आणि आपण म्हणतो, “कुठला?”

आषाढी वारीत तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामाला येते. तेव्हा हा रस्ता वाहनांचा राहत नाही. टाळ, मृदंग आणि पावलांचा होतो. पालखी बेलवाडीच्या रिंगणाकडे निघून गेली, दिंड्या पांगल्या, की मी गाडी काढतो. आणि महिनाभर न ऐकलेली घरघर पहिल्याच वळणावर लख्ख ऐकू येते. ती नवी नसते. कानच मधल्या काळात धुऊन निघालेला असतो.

प्रत्येकाच्या दारावरून पालखी जात नाही. तेव्हा अधूनमधून टेप बंद करा, काच खाली घ्या, आणि शेजारी परक्या कानाचा एखादा माणूस बसवा. घरघर असेल तर त्याच आठवड्यात मिस्त्री गाठा. ब्रेकमध्ये लोखंड घासत असेल, तर मात्र गाडी पुढे रेटू नका. मिस्त्रीलाच गाडीपाशी बोलवा.