मीटर घरात, गाडी देवळापाशी

भोर तालुक्यातल्या भोंगवलीसारख्या गावांची जुनी गावठाणं बैलगाडीच्या मापाने वसली आहेत. ओट्याला ओटा लागलेला, मधून जेमतेम बोळ. दुचाकी ओसरीत चढते. मोटार मात्र देवळापुढच्या मोकळ्या जागेत, शाळेच्या कुंपणाकडेला, नाहीतर चार घरं पलीकडे कुणाच्या तरी पडक्या जागेत उभी राहते. पुण्यातल्या कसबा किंवा सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांची अडचण हीच आहे, फक्त तिथे जागेसाठी भांडणारे जास्त.

मी वीजजोडणीची कामं घेणारा माणूस. हल्ली विजेवरची गाडी घेतलेले लोक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, “चार्जर किती किलोवॅटचा बसवू?” मी उलट विचारतो, “गाडी रात्री कुठं असते, आणि ती जागा कुणाची?” यावर बहुतेक जण गप्प होतात. चार्जर बाजारात मिळतो. जागा मिळत नाही.

चार्जरची भीती उगाच मोठी झाली आहे. टियागो गाडीची लहान बॅटरी 19.2 युनिटांची, कॉमेट गाडीची 17.3. पंधरा अँपिअरच्या साध्या थ्री-पिन सॉकेटमधून तासाला सुमारे तीन युनिटं जातात. शिरवळच्या कारखान्यात रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर करणाऱ्याला पाच-सहा युनिटं लागतात, म्हणजे दोन तासांचं काम. रात्र त्याहून बरीच मोठी असते. घाईचा चार्जर महामार्गावर, साताऱ्याकडे निघालेल्या माणसाला हवा.

मग लोक काय करतात? घरातून वायर ओढतात. खिडकीतून, पत्र्यावरून, बोळ ओलांडून गाडीपर्यंत. मिक्सरला लावायचं एक चौरस मिलिमीटरचं एक्स्टेन्शन तीस मीटर ताणलं, की जाऊन-येऊन साठ मीटर तार होते. तिचा रोध सव्वा ओहमच्या आसपास. पंधरा अँपिअरला सतरा-अठरा व्होल्ट वाटेतच जातात आणि अडीचशे वॅटहून जास्त उष्णता त्या वायरीत तयार होते. वायर मोकळी असेल तर ती हवेत निघून जाते. उरलेली गुंडाळी तशीच ठेवून वर पोतं टाकलं असेल, तर इन्सुलेशन मऊ पडायला लागतं. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल वापरली तर हीच घट साडेचार व्होल्टांवर येते. केबल महाग पडते, म्हणून हा सल्ला कुणाला आवडत नाही. आणि बोळावरून गेलेली कुठलीही वायर कडब्याने भरलेल्या ट्रॉलीच्या वाटेत येणार ती येणारच.

वायरीपेक्षा मला जास्त धास्ती अर्थिंगची. गाडीबरोबर येणाऱ्या केबलवर एक डबी असते. अर्थिंग सापडलं नाही तर ती लाल दिवा दाखवते आणि चार्जिंग सुरूच करत नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंग एकतर नसतं, नाहीतर मुरमात ठोकलेल्या, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या सळईचं असतं. लाल दिवा लागला की कुणीतरी हुशार वायरमन सॉकेट उघडतो, न्यूट्रल आणि अर्थच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडतो. दिवा हिरवा होतो, गाडी भरायला लागते, वायरमन चहा पिऊन जातो. पुढे कधी खांबावरचं न्यूट्रल तुटलं, किंवा दुरुस्तीत फेज-न्यूट्रल उलट लागले, की त्याच तुकड्यातून 230 व्होल्ट गाडीच्या पत्र्यावर येतात. गाडी रबरी टायरवर उभी, म्हणून प्रवाहाला वाट नाही, फ्यूज उडत नाही, कुणाला काही कळत नाही. कळतं ते गाडीला हात लावणाऱ्याला, आणि देवळापुढे मुलं खेळत असतात.

अर्थिंग आहे पण कमजोर आहे, हा प्रकारही तितकाच फसवा. सळईचा रोध पन्नास ओहम असेल तर पत्र्यावर आलेल्या फेजमधून जमिनीत 4.6 अँपिअर जातात. सोळा अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाहावर सुटणारा स्विच, त्यासाठी हलत नाही. गळतीचा प्रवाह ओळखणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र क्षणात सुटतो. म्हणून माझा हट्ट: चार्जर नंतर घ्या, आधी नवं अर्थिंग आणि आरसीसीबी.

कायद्याची बाजू लोकांना वाटते तितकी वाईट नाही. आपल्याच जागेत, आपल्याच घरगुती मीटरवर आपली गाडी भरायला मुभा आहे. केंद्राच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत तेच सांगितलं होतं. अडचण ‘आपल्याच जागेत’ या दोन शब्दांत आहे. वीज कायदा 2003 चं कलम 126 म्हणतं, की ज्या जागेसाठी आणि ज्या कामासाठी वीज मंजूर झाली त्यापलीकडे ती वापरली तर तो अनधिकृत वापर, आणि आकारणी दुप्पट दराने. शेतीपंपावर गाडी भरण्याचा मोह तर फारच मोठा. 2024 च्या बळीराजा योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली आणि विहिरीपाशी गाडी लावायला जागाही असते. पण ती वीज पाण्यासाठी दिलेली आहे. या एका बाबतीत मी कुणाची बाजू घेत नाही.

स्वतःची जागा नसण्याच्या अडचणीवर परदेशात काय काय झालं ते बघण्यासारखं आहे. ॲमस्टरडॅममध्ये स्वतःची जागा नसलेल्या गाडीवाल्याने अर्ज केला, की पालिका घराजवळ रस्त्यावर चार्जिंगचा खांब उभारू शकते. लंडनमध्ये दिव्याच्या खांबातच सॉकेट बसवले. ऑक्सफर्डने फुटपाथमध्ये अरुंद पन्हळ काढून त्यात वायर झाकायचा प्रयोग केला. दिव्याच्या खांबाची कल्पना इथे बऱ्याच जणांना सुचते, पण आपल्या खांबांवर रस्त्याच्या दिव्यांची तार बहुधा वेगळी असते, संध्याकाळी चालू आणि सकाळी बंद होणारी, थोड्या वॅटच्या दिव्यांच्या हिशेबाने ओढलेली. तिच्यावर चार गाड्या लावल्या की गल्ली अंधारात.

मला वाटतं, वायर गाडीकडे नेण्याऐवजी मीटरच गाडीपाशी न्यावा. चार्जिंग स्टेशन चालवायला वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्राने एप्रिल 2018 मध्येच स्पष्ट केलं आहे, आणि महावितरणकडे त्यासाठी स्वतंत्र दरवर्ग आहे. ग्रामपंचायतीने आपल्या मोकळ्या जागेत तशी एक जोडणी घ्यावी: शेड, सहा सॉकेट, प्रत्येकाला आरसीसीबी आणि छोटा मीटर. सहा गाड्या एकदम लागल्या तर अठरा किलोवॅट, म्हणजे डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, तेवढी जागा आहे का हे आधी पाहायला हवं. नसेल तर पाळ्या लावाव्या. घरगुती मीटरवर महिन्याला दीडशे युनिटं वाढली की शंभर युनिटांच्या आत राहणारं घर पुढच्या, जवळपास दुप्पट दराच्या टप्प्यात जातं. त्यामुळे सामाईक मीटर खिशालाही जड जाईलच असं नाही.

पैसे कोण गोळा करणार, हा प्रश्न ग्रामसभेत लगेच येईल. पाणीपट्टी घेणाराच घेईल, वेगळा माणूस नको. यात्रेच्या दिवसांत ती जागा दुकानांना आणि पाळण्यांना लागते, तेव्हा पाळणेवाल्यांनी आपलं तात्पुरतं कनेक्शन घ्यावं आणि या सहा सॉकेटांना हात लावू नये, हे ठरावातच लिहून घ्यायला हवं.