जुन्या फोटोंतून वडिलांची फौजी नोकरी

फौजेतून निवृत्त होऊन शेतीला लागलेल्या माणसाच्या नोकरीच्या खुणा घरात डिस्चार्ज बुक, पदके आणि फोटो यांत राहतात. डिस्चार्ज बुक पेन्शनसाठी लागते म्हणून जपले जाते. पदके पोरांच्या खेळण्यात जातात आणि फोटो ट्रंकेच्या तळाशी पडून राहतात. जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगाव (ता. घनसावंगी) येथे प्रस्तुत लेखकाच्या घरीही असेच झाले. वडील मिलिटरीत होते आणि पासष्टची लढाई लढले, एवढेच भावकीला ठाऊक होते. त्यांच्या माघारी ट्रंक उपसली, तेव्हा फोटो हाती आले.

असे फोटो वाचताना चेहऱ्याआधी टोपी पाहावी. या फोटोंतल्या टोपीवर तिरप्या ठेवलेल्या दोन मशीनगन आणि मध्ये कट्यार असा बिल्ला आहे. हे महार रेजिमेंटचे चिन्ह. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली, पण १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला नवी बटालियन उभारली गेली. १९४६ मध्ये महार रेजिमेंटची मशीनगन रेजिमेंट झाली, म्हणून बिल्ल्यावर तोफ किंवा तलवार नसून मशीनगन आहेत. आरंभी कट्यारीच्या जागी भीमा कोरेगावचा स्तंभ होता. त्यामुळे फोटोत स्तंभ दिसला तर तो फोटो रेजिमेंटच्या सुरुवातीच्या काळातला ठरतो. रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. एका फोटोच्या पाठीवर सागरच्याच स्टुडिओचा शिक्का निघाल्यामुळे तो भरतीनंतरच्या प्रशिक्षणातला, हे उलगडले.

टोपीनंतर दंड पाहावा. एक फीत लान्स नायकाची, दोन नायकाच्या, तीन हवालदाराच्या. खांद्यावर एक तारा असलेला नायब सुभेदार. १९६५ पर्यंत त्याला जमादार म्हणत. तारखा नसलेले फोटो या फितींच्या हिशेबाने मागेपुढे लावता येतात.

खरी माहिती छातीवर असते, पण काळ्या-पांढऱ्या फोटोत रिबनचे रंग कळत नाहीत. तिथे पदकेच हवीत. पदकाच्या कडेवर बहुधा सैनिकाचा क्रमांक आणि नाव बारीक अक्षरात कोरलेले असते. घासून लखलखीत करण्याच्या नादात ते पुसू देऊ नये. या घरातल्या पदकांत ‘रक्षा पदक १९६५’ सापडले, ‘समर सेवा तारा’ मात्र नव्हता. यातला भेद महत्त्वाचा आहे. रक्षा पदक त्या वर्षी नोकरीत असलेल्यांना सरसकट मिळाले, समर सेवा तारा प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांनाच. १९७१ चा ‘पश्चिमी तारा’ आणि ‘संग्राम पदक’ मात्र दोन्ही होती. म्हणजे पासष्टला वडील गणवेशात होते, पण आघाडीवर गेले ते एकाहत्तरला, पश्चिम सीमेवर. भावकीने लढाई सहा वर्षे मागे नेऊन ठेवली होती. हयातीत त्यांनी ती कुणाला दुरुस्त करून सांगितली नाही. कुणी नीट विचारलेही नसावे.

आघाडीवरचा एकही फोटो नाही, यात नवल नाही. जवानाजवळ कॅमेरा नसे. फोटो निघत ते शांततेच्या ठाण्यावर किंवा सुट्टीवर निघण्याआधी, घरी पाठवायला. म्हणून कडक इस्त्रीचा गणवेश आणि मागे रंगवलेला बगीचा पाहून नोकरी सुखाची होती, असा अर्थ काढू नये.

फोटोंचे मोठे नुकसान वाळवीपेक्षा माणूस गेल्यावर होते. तेराव्याला हार घालायला फोटो हवा असतो. मग गावातला स्टुडिओवाला पलटणीच्या ग्रुप फोटोतून चेहरा तेवढा कापतो, संगणकावर त्याला कोट किंवा फेटा चढवतो आणि मागे निळे आकाश लावतो. बिल्ला, फिती, रिबन, शेजारचे सोबती असे सगळे त्यात जाते. मूळ फोटो घरी परत येईलच, याचीही खात्री नसते. भिंतीवर जो राहतो तो कुणीही सद्गृहस्थ असू शकतो.

फोटोंवरून कागदांकडे जाताना मराठवाड्यात पत्त्याची एक अडचण हमखास येते. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आजोबांच्या पिढीतल्या फोटोतला गणवेश संस्थानी फौजेचाही असू शकतो. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि जालना जिल्हा तर १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा निघाला. म्हणून जुन्या सैनिकाच्या कागदावर गाव तेच, पण जिल्हा औरंगाबाद असतो. आजचा पत्ता घालून चौकशी करणाऱ्याला नोंद सापडत नाही, आणि तो निराश होऊन परततो. चौकशी पत्त्यापेक्षा सैनिक क्रमांकावरून करावी. हा क्रमांक डिस्चार्ज बुकावर, पेन्शनच्या आदेशावर किंवा पदकाच्या कडेवर मिळतो. त्याच्या आधारे रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिता येते, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्यासाठी मदत करते. युद्धांची कागदपत्रे साधारण २५ वर्षांनी खुली करावीत, असे धोरण संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये स्वीकारले आहे. मात्र त्यातून पलटण कळते, एकट्या जवानाची हकीकत क्वचितच.

ग्रुप फोटोत शेजारी उभे असलेले सोबती कोण, हे तर कुठल्याच दप्तरात नसते. या घरात त्यांतली काही नावे आईला आठवत होती, तीही गावांच्या नावाने. ज्यांच्या घरी फौजी वडील हयात आहेत त्यांनी हे फोटो लॅमिनेट न करता त्यांच्यासमोर ठेवावेत आणि प्रत्येकाचे नाव विचारून मागे मऊ पेन्सिलीने लिहून घ्यावे.