फोनची मांडणी

मैत्रिणींनो, डबे आपण हाताला येतील तसे लावतो. मग फोनच कंपनीच्या मांडणीने का वापरायचा? माझ्या पहिल्या पडद्यावर कॅलेंडर, रेडिओ, कॅमेरा. बाकी सारं मागे.

जुना फोन मात्र कपाटात पडून होता. भाचा म्हणाला, “मामी, लिनिएज टाकतो.” २०१६ मध्ये सायनोजेनमॉड बंद पडल्यावर त्यातूनच निघालेली ही प्रणाली. कंपनीने वाऱ्यावर सोडलेले कितीतरी फोन तिने पुन्हा चालतात. पण बूटलोडर उघडताना आतलं सगळं पुसलं जातं, आणि त्यात सासूबाईंच्या आवाजातल्या ओव्या! (त्या गेल्या, आवाज तेवढा उरला.) आधी त्या दोन ठिकाणी उतरवून घेतल्या, वाजवून पाहिल्या, मगच फोन दिला. बँकेचं ॲप अशा फोनवर पुष्कळदा अडून बसतं. ते नव्यावरच ठेवलं.

“जीबी व्हॉट्सॲपही टाकू?” नको रे बाबा! खातं बंद झालं तर वर्गाच्या पालकांना काय सांगू?