अंगठ्याच्या मुळाशी

पावसाळा लागला की आबांचा उजवा खांदा उचल खायचा. माझ्या कळत्या वयात त्यांची कुस्ती सुटली होती, पण हौद्यातल्या लाल मातीत निखळलेला खांदा जन्माचा सोबती झाला होता. आई लोखंडी कढईत तिळाचं तेल घ्यायची, त्यात निर्गुडीचा पाला, लसूण आणि मूठभर ओवा टाकून मंद आचेवर कढवायची. पाला कुरकुरीत झाला की तेल गाळायची. चोळायचं काम माझं. "अंगठा रोव, वरवर फिरवू नको," आबा सांगायचे. मांसाखालची गाठ अंगठ्याला लागायची, ती दाबत गेलं की त्यांचा श्वास सैल व्हायचा.

चोळल्यानं बरं का वाटतं, याचं एक उत्तर मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलं की स्पर्श आणि दाब वाहून नेणारे जाड मज्जातंतू जागे झाले, तर वेदनेचा निरोप मेंदूकडे निघण्याआधी मज्जारज्जूतच अडवला जातो. कोल्हापूरच्या तालमींमधून एकमेकांची अंगं रगडणाऱ्या पोरांना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांचे हात तेच करत होते.

तालमीत व्यसनाला थारा नव्हता. बदाम-खसखशीची थंडाई चालायची, पण तिच्यात भांग पडलेली वस्तादांना खपायची नाही. पंचगंगेच्या घाटावर चिलीम ओढत बसलेले बैरागी दिसले की आबा माझा हात घट्ट धरून पुढं निघायचे. त्यांचा राग त्या माणसांवर नव्हता. "डोकं जाग्यावर पायजे," एवढंच म्हणायचे. दात काढताना सुद्धा गुंगीचं औषध त्यांनी नको म्हटलं होतं. दुखणं त्यांना चालायचं, भान जाणं चालायचं नाही. मला वाटतं, म्हाताऱ्या माणसांच्या या भीतीला आपण नीट किंमत देत नाही. कण्हत पडलेला माणूस गोळी का नाकारतो, हे विचारायच्या आधीच त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो.

लग्नानंतर मी कॅलिफोर्नियात आले तेव्हा बॅगेत अमृतांजनच्या बाटल्या होत्या. १८९३ साली मुंबईत काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी सुरू केलेला हा बाम. त्याच वर्षी गांजा, चरस आणि भांग यांची चौकशी करायला सरकारनं एक आयोग नेमला होता. हजाराहून जास्त साक्षी घेऊन त्यानं दुसऱ्या वर्षी अहवाल दिला, की बेताच्या सेवनानं फारसं नुकसान होत नाही, सरसकट बंदीची गरज नाही. बाम घरोघरी गेला आणि अहवाल कपाटात.

बे एरियात मी घरगुती डबे सुरू केले. कणीक मळायची, पोळ्या लाटायच्या, सणाला पुरण वाटायचं, मग गाडी काढून डबे पोचवायचे. पन्नाशी ओलांडली आणि बरणीचं झाकण उघडेना. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाल्या, अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा असतो त्याची कूर्चा झिजली आहे. गोळ्यांनी पोटात जळजळ सुरू झाली. त्याहून जोरकस गोळीनं झापड यायची, आणि तापलेल्या तव्यापुढं किंवा फ्रीवेवर झापड परवडत नाही. डायक्लोफेनॅकचं जेल, जे २०२०पासून इथं चिठ्ठीविना मिळतं, थोडं उपयोगी पडलं. मग लेकीनं विचारलं, "आई, गांजाच्या डिस्पेन्सरीतलं मलम लावून बघतेस का?"

मला घाटावरची चिलीम आठवली, आणि मी आधी वाचायला बसले. वाचता वाचता मेरी जेन रॅथबन भेटली. सॅन फ्रान्सिस्कोची ही बाई आयुष्यभर हॉटेलात वेट्रेसचं काम करत आली होती. ऐंशीच्या दशकात एड्सनं तरुण मुलं मरत होती, कित्येकांचे आईबाप सुद्धा जवळ फिरकत नव्हते. ही म्हातारी सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलमध्ये विनावेतन जायची आणि गांजा घातलेले ब्राउनी भाजून त्यांना द्यायची, म्हणजे त्यांच्या पोटात अन्न ठरावं. तिला तीनदा अटक झाली. तिचे स्वतःचे सांधे संधिवातानं गेले होते, गुडघे कृत्रिम होते, तरी ती ओव्हनपुढं उभी राहायची. तिच्यासारख्यांच्या रेट्यामुळं १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी औषधी वापराला मान्यता दिली. १९९९ साली ती गेली. लोकांना रांधून घालणाऱ्या बाईचं मोल मला ठाऊक आहे. तिच्याबद्दल वाचल्यावर त्या झाडाकडं बघायची माझी नजर बदलली ती कायमची.

मग मलम आणलं. डबीवर सीबीडी आणि टीएचसी हे त्या झाडातले घटक किती मिलिग्रॅम हे छापलेलं होतं, शिवाय मेंथॉल आणि कापूर. नशा आणते ती टीएचसी. राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी इस्रायलमध्ये १९६४ साली ती शुद्ध रूपात वेगळी केली. डोक्यात चढायला तिला रक्तातून मेंदूत जाऊन तिथल्या ग्राहींना चिकटावं लागतं. पण हे पदार्थ तेलात विरघळणारे, पाण्याशी त्यांचं जमत नाही. कातडीच्या सगळ्यांत वरच्या थरात ते मुरतात आणि तिथंच अडकून राहतात, रक्तात जवळजवळ उतरतच नाहीत. त्वचेतल्या मज्जातंतूंनाही तसेच ग्राही असतात, आणि दुखण्यावर काही परिणाम होत असेल तर तो तिथं होत असावा. चिकटवायच्या पट्ट्या मात्र वेगळ्या. त्या औषध रक्तात पोचवण्यासाठीच बनवलेल्या असतात, त्यांना मलमासारखं समजू नये.

पहिल्यांदा लावलं ते सुट्टीच्या दिवशी, लेक घरात असताना. डोकं जाग्यावर राहिलं. गार वाटलं, मग अंगठ्याच्या मुळाशी बसलेली कळ हळूहळू सैल झाली. तेव्हापासून डबी ओट्याजवळच्या खणात असते. लावल्यावर हात धुते, चिरलेल्या बोटाला लागू देत नाही. रात्री झोपताना लावलं तर सकाळी कणीक मळता येते.

यातलं श्रेय कुणाचं, हे मला प्रामाणिकपणे वेगळं करता येत नाही. मेंथॉलचा वाटा आहेच, चोळण्याचाही आहे. सांधे सुजलेल्या उंदरांच्या कातडीला सीबीडीचं जेल लावल्यावर सूज उतरल्याचं २०१६ साली प्रसिद्ध झालं. माणसांवरचे प्रयोग मात्र थोडे आणि लहान. डेन्मार्कमध्ये हाताच्या संधिवाताच्या रुग्णांना सीबीडीच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा प्लासिबोहून जास्त गुण आला नाही. जे विकणारे सगळी दुखणी पळवण्याची भाषा करतात, त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण अमेरिकेनं १९७०च्या कायद्यात हे झाड हेरॉइनच्या रांगेत बसवलं आणि संशोधकांची वाट अडवून ठेवली, याचा मला मनापासून राग येतो. ज्यांना भान राखून जगायचं आहे त्यांच्यासाठी औषध शोधायला इतकी वर्षं का वाया घालवावीत?

माझ्या गुडघ्यावर याचा गुण नाही. अंगठ्याचा सांधा कातडीलगत असतो, गुडघ्याचा खोल, मांसाच्या आणि अस्थिबंधांच्या आत. तिथंवर मलम पोचत नसावं.

आबा आता नव्वदीला टेकलेत. फोनवर त्यांना मी हे सगळं सांगितलं, झाडाच्या नावासकट. बराच वेळ ऐकून त्यांनी विचारलं, "आणि डोक्यात जात न्हाई म्हणतीस?" नाही जात म्हटलं. "मग घिऊन ये की एक डबी." आणता येणार नाही, हे मी त्यांना समजावलं. भारतातल्या १९८५च्या कायद्यात चरस आणि गांजावर बंदी आहे. पान आणि बी गांजाच्या व्याख्येबाहेर असल्यामुळं परवाना असलेले कारखाने पानांपासून आयुर्वेदिक औषधं करतात. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात विजया म्हणतात ते हेच झाड. पण अमेरिकेतली डबी विमानातून नेणं दोन्हीकडं गुन्हा. कोल्हापुरातल्या वैद्यांना विचारा म्हटलं, त्यांच्या चिठ्ठीशिवाय काही घेऊ नका.

खांद्याला भाऊ अजून निर्गुडीचं तेल चोळतो, ते त्यांना पुरतं. गुडघ्याचं विचारलं तर मी खरं तेच सांगितलं, की तिथंवर पोचत नाही.

"मग तिथल्या डॉक्टरांना सांग," आबा म्हणाले, "आधी गुडघ्याचं बघा म्हणावं. अंगठ्यावर काय, तू हायेस की."